इटलीची गाडी, पन्नासच्या आत

परवा ऑफिसात एकानं विचारलंच, "तीनशेच्या पुढं पळणारी गाडी घेऊन तू परभणी जिल्ह्यात गेलीस? डोकं ठिकाणावर आहे का?" माझं डोकं ठिकाणावर नाही हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मला एका जागी बसवतच नाही. बसले तरी पाय हलत राहतो, आणि शेजारच्या माणसाचा जीव खालीवर होतो. गाड्यांवर लिहायचं काम मी पत्करलं तेही त्यामुळंच. या कामात बसलेला माणूससुद्धा पुढं सरकत असतो.

गाडी इटलीची. बिल्ला कुठला ते सांगणार नाही, मालकांची तशी अट आहे. शिवाय नाव सांगितलं की लोक गाडीचं ऐकत नाहीत, नुसती किंमत विचारत बसतात. रंग हळदीचा, माणसं दोनच बसणार, आणि बटण दाबलं की छप्पर उठून, घडी होऊन मागच्या झाकणाखाली गडप. मालक हैदराबादचे एक हौशी व्यापारी. आमच्या मासिकाला वाटलं, असल्या गाड्यांबद्दल सगळे परदेशातल्या रस्त्यांवरून लिहितात, आपण आपल्या रस्त्यांवरून लिहावं. मी म्हटलं, मग माझ्याच गावाकडं नेते, वालूरला. मालक हो म्हणाले, पण सोबत करीमभाईंना दिलं. करीमभाई त्यांच्या गाड्यांची देखभाल करतात. एक ड्रायव्हर आणि हत्यारांची पेटी घेऊन ते जीपमधून माझ्या मागं येणार होते, आणि ही गाडी म्हणजे त्यांची लेकच असल्यासारखे सारखे फोन करणार होते.

पालम

हैदराबादहून देगलूरपर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. टोल, ढाबे, आणि जिकडंतिकडं वर धरलेले मोबाईल. लोह्याच्या अलीकडं मात्र एक सरळ, मोकळा, नवा केलेला पट्टा लागला. दोन्ही बाजूंना काळी रानं, मधे चिटपाखरू नाही. तिथं मी पाय दाबला.

थांबलेल्या गाडीला शंभरच्या वेगाला पोचायला तीन सेकंद लागतात, असं कागदावर वाचलं होतं. कागदावर वाचणं वेगळं, बाई. पाठ सीटमध्ये रुतली, पोट मागंच राहिलं, आणि पाठीमागं जे दहा सिलिंडरचं इंजिन इतका वेळ घशातल्या घशात गुरगुरत होतं, त्यानं एकदम टाहो फोडला. वर छप्पर नाही, मधे काही आडपडदा नाही. आवाज थेट मानेवर. मी मोठ्यांदा ओरडले, काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

नवल म्हणजे वारा तोंडावर येत नाही. समोरची काच इतकी तिरपी आहे की वारा तिच्यावरून चढून डोक्यावरून निघून जातो, आणि मागं सीटांमधे एक छोटी काच आहे ती मागून घुसणारा वारा अडवते. अंगावरच्या प्रत्येक फटीला काम आहे. बाजूच्या मोठ्या खाचा इंजिनाला हवा देतात, पुढच्या खाचा ब्रेक थंड ठेवतात. छप्पर काढलं की कुठल्याही गाडीचं अंग लेचंपेचं होतं, म्हणून हिचं खालचं कवच जास्त भक्कम केलंय. थोडं वजन वाढलं, पण वळणावर ती जराही अंग हलवत नाही. सुंदर दिसावी म्हणून मारलेली एकही रेघ नाही, आणि तरी ती इतकी सुंदर दिसते, याचा मला राग येतो.

हा सगळा रुबाब पहिल्या गतिरोधकापर्यंत. आमच्याकडं प्रत्येक गाव आपापला गतिरोधक आपापल्या मर्जीनं घालतं. कुणी मुरमाचा, कुणी सिमेंटचा, कुणाचा तर नुसता बांधच. गाडीचं पोट रस्त्यापासून चार बोटं वर. त्यासाठी एक बटण आहे, दाबलं की पुढचं नाक थोडं उचलतं. मग तीनशेची गाडी नाक वर करून, तिरपी होऊन, पावलापावलानं तो बांध ओलांडते. मागून फोनवर करीमभाई, "आहिस्ता, मॅडम, आहिस्ता!" पालमपर्यंत मी नाक किती वेळा वर केलं देव जाणे.

पालमला स्टँडजवळ चहाला थांबले आणि पाचेक मिनिटांत जत्रा भरली. पुण्यात असली गाडी उभी केली तर लोक न बघितल्यासारखं करून पुढं जातात आणि मग मागून गुपचूप फोटो काढतात. आमच्याकडं हात लावल्याशिवाय वस्तू बघितली असं कुणी मानतच नाही. दारावर, काचेवर, दिव्यांवर हात. करीमभाई पिवळं फडकं घेऊन बोटांचे ठसे पुसत गाडीभोवती फिरायला लागले. त्यांची एक फेरी होईपर्यंत मागं नवे ठसे तयार.

"काय देती ताई?" एका टोपीवाल्यानं विचारलं.

"पाच-सहा."

"किती, पाच-सहा?"

"लिटरला पाच-सहा किलोमीटर."

तो गाडीला एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "मंग आमचं टॅक्टर काय वाईट हाय?" दुसऱ्याला सोयाबीनचे कट्टे किती बसतील ते हवं होतं. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत, वर गरम भजी आणून दिली, आणि एक बाई म्हणाली, "आगं माय, छत कुठं पडलं हिचं?"

म्हणून छप्पर लावून दाखवलं. मागचं झाकण उठलं, आतून दोन पत्रे उलगडत वर आले आणि डोक्यावर बसले. "आवो!" असा एकच आवाज झाला. परत एकदा, परत एकदा, असा गलका सुरू झाल्यावर करीमभाईंनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, बटन पूरा दबाके रखना. छोडे तो जहाँ है वहींच रुक जाती. और चलती गाडी में पचास के नीचेच. पचास के ऊपर गए तो बटन सुनतीच नहीं."

मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, पन्नासच्या खाली ही गाडी कोण चालवणार?

वालूर

वालूरला आमचे नाना असतात. नाना म्हणजे माझे वडील. निवृत्त शिक्षक, गावाचे गुरुजी. माझा हलणारा पाय त्यांचाच. वर्गात ते कधी खुर्चीवर बसले नाहीत, परीक्षेला रांगांमधून इतके फिरायचे की पोरांना कॉपी करायला उसंत मिळायची नाही. शाळेत बोलणं शुद्ध, घरी आलं की टोपी आणि शुद्ध मराठी दोन्ही खुंटीवर.

हे नाना गेल्या वर्षीपासून ओट्यावर बसून आहेत. झालं असं की परभणीला नात्यातल्या एका बारशाला गेले होते, पाचवा मजला. लिफ्टमधे एकटेच, वीज गेली आणि लिफ्ट मधेच अडकली. अंधार, घाम, दारावर मारलेल्या बुक्क्या. शेवटी लोकांनी बाहेर काढलं. तेव्हापासून बंद जागा म्हटलं की छातीत घोडे उधळतात. झोपणं ओट्यावर, कडाक्याची थंडी असली तरी. न्हाणीचं दार अर्धं उघडं, आणि बाहेर वहिनीनं पहारा द्यायचा. एसटीत बसवलं तर गाडी सुटायच्या आत खाली. भावाच्या मोटारीत बसवलं तर वेशीपाशी दार उघडून निघाले, गाडी चालू असताना.

एवढ्यावर भागलं असतं तरी आम्ही चालवून घेतलं असतं. पण त्यांना काचबिंदू आहे. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, नांदेडला जा, ऑपरेशन करा, लवकर करा. यात गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली वाचवता येते. नांदेडची तारीख दोनदा घेतली, दोनदा हुकली. एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घालून निघाले तर परभणीपर्यंतच कंबर गेली आणि तिथूनच परत फिरावं लागलं. मोटरसायकलवर गुडघा वाकत नाही. रिक्षावाला सेलूच्या पुढं यायला तयार नाही. आणि इकडं नानांची नजर रोज थोडी थोडी आत यायलीय. मी पोचले तेव्हा म्हणाले, "मंजू, हितं समोर उभी ऱ्हा. दोन्ही बाजूंनी दारं लोटल्यावानी दिसायलंय मला." तिसरी तारीख परवाची होती. उद्या संध्याकाळी तपासणीला हजर राहायचं होतं.

मी ओट्यावर, अंगणात, परत ओट्यावर अशा येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात गाडीभोवती बायका जमल्या. शेजारच्या सरूकाकू ताट घेऊनच आल्या.

"गाडी वेशीतून आली आन् तशीच उभी? ओवाळल्याबिगर?"

"काकू, माझी नाही ती. मागून आणलीय."

"कुणाची का असंना, दारात तर आपल्या उभी हाय!"

करीमभाईंनी दोन्ही हात पसरले. "नारियल गाडी पे नक्को, अम्मा! जमीन पे फोडो, दूर फोडो!" नारळ पायरीवर फुटला. मग काकूंना इंजिनाला कुंकू लावायचं होतं. मी पुढचं झाकण उघडलं. काकू वाकल्या, आत बघितलं, आणि हातातलं ताटच खाली ठेवलं. आत नुसता रिकामा खड्डा.

"आगं बया! मंजे, हिला इंजनच न्हाई! फसवलं की तुला त्या हैद्राबादवाल्यानं!"

इंजिन मागं असतं, पुढं फक्त सामानाची जागा, हे मी सांगेपर्यंत अंगणभर बोंब झाली होती. आणि ओट्यावरून खळखळून हसण्याचा आवाज आला. नाना हसत होते. वर्षभरात असं हसू कुणी ऐकलं नव्हतं.

वहिनी पदराला हात पुसत माझ्याजवळ आली. माझा भाऊ गजू, त्याची बायको सुरेखा. फार बोलत नाही. हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? हिला छत न्हाईच की."

"आहे गं, मागं घडी करून ठेवलंय."

"मंग मागंच ऱ्हाऊ द्या ना. नानांना घेऊन जावा."

बिनछपराच्या गाडीवर पानंच्या पानं लिहिलेली बाई मी, आणि हे माझ्या डोक्यात येऊ नये! मालकांना फोन लावला. ते आधी हसले, मग सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "वालिद साहब को बिठाओ, आराम से ले जाओ. बस, नाश्ता गाडी में नक्को."

नानांना पटवायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली. गाडीभोवती हात लावत फिरले, दार उघडून बघितलं, मिटून बघितलं. "दार अडकलं तर?" मी म्हटलं, छप्परच नाही तर दार कशाला लागतंय, वरून उचलून काढू. हे त्यांना पटलं. मी आणि गजूनं काखेत हात घालून त्यांना खाली, अजून खाली, असं सोडलं. सीटवर टेकल्यावर नाना म्हणाले, "हे बसणं न्हाई गं, निजणं हाय." पण उठवा म्हणाले नाहीत. आकाशाकडं बघत बसून राहिले. रात्री जेवायला धपाटे, दही आणि लाल मिरचीचा ठेचा होता. करीमभाईंनी ठेचा हातावर घेऊन चाखला आणि बराच वेळ फडक्यानं स्वतःचंच तोंड पुसत बसले.

परभणी ओलांडून

सकाळी निघालो. पुढं मी आणि नाना, मागं गजूच्या मोटारीत गजू आणि वहिनी, त्यांच्या मागं करीमभाईंची जीप. सरूकाकूंनी धपाट्यांचं गाठोडं त्या इंजिन नसलेल्या खड्ड्यात ठेवलं. करीमभाईंनी तेलाचे डाग पडतील म्हणून त्याखाली आपलं पिवळं फडकं अंथरलं.

परभणीपर्यंत नाना खूश होते. टोपी काढून मांडीखाली ठेवली, डोळ्यांवर वहिनीनं दिलेला मोठा काळा चष्मा. मोकळा रस्ता आला तसं म्हणाले, "जरा पळव की. एवढी इटलीहून आणलीय ती काय रांगायला?" मी शंभरच्या पुढं नेली. इंजिन गायला लागलं आणि नाना दोन्ही हात वर करून बसले, वर्गात पहिलं उत्तर आलेल्या पोरासारखे. माझा पाय अजून दाबावा म्हणून शिवशिवत होता. मला वाटलं, सुटलो. दुपारच्या आत नांदेड.

ताडकळसच्या अलीकडं रस्त्यावर हरभरा होता.

ज्यांनी आमचा भाग बघितला नाही त्यांना सांगते. थोडा माल असला की मळणीयंत्र कोण बोलावतं? वाळलेली झाडं रस्त्यावर पसरायची. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चाकांखाली घाटे फुटतात, संध्याकाळी झाडून दाणे गोळा करायचे. रस्ता सरकारचा, चाकं लोकांची, हरभरा आपला. आमच्यात कुणाला यात काही वावगं वाटत नाही. इथं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही बाजू भरून पसरला होता. कडेला एक बाई पाला ओढायचं दाताळं घेऊन उभी होती, तिचा नवरा झाडाखाली.

मी गाडी थांबवली.

"थांबायलाव कशाला? जावा की वरून! पुढं जाऊन परत या, दोनदा गेलं तर लय चांगलं!" बाई म्हणाली.

मागून करीमभाई धावत आले, चपला तिथंच सोडून. "नक्को मॅडम! नीचे सायलेन्सर आग हो रहा! सूखा घास लगा तो गाडी खलास!"

खोटं नव्हतं. या गाडीचं पोट रस्त्याला टेकायला आलेलं, वर तापलेलं इंजिन. वाळका पाला एकदा आत गुंडाळला गेला की पेटायला वेळ लागत नाही.

"येवढी मोठी गाडी, आन् हरबऱ्याला भ्याली?" बाईला पटेना. "तिला काय धाड भरलीय?" पण शेवटी कुरकुरत नवऱ्याला हाक मारली आणि दोघं एक बाजू ओढायला लागले. गजू, वहिनीही खाली उतरून हात लावायला लागले. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले.

आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, गाणी ठणाणा लावलेली. त्याला हरभरा म्हणजे काय, आयतं काम. थांबायचा प्रश्नच नव्हता. तो हरभऱ्यावर चढला आणि त्याच्या मागून भुशाचा लोटच उठला. हरभऱ्याची धूळ साधी नसते. झाडाला आंब असते, आंबट खार, वाळली तरी धूळ झोंबते, अंगाला खाज सुटते. वारा आमच्याकडं होता.

नांदेडच्या डॉक्टरांनी फोनवर तीनदा बजावलं होतं: डोळ्यात धूळ जाऊ देऊ नका, डोळे लाल दिसले तर मी ऑपरेशन करणार नाही. चौथी तारीख कधी, आणि तोवर नानांची दारं किती मिटलेली? माझा हात छपराच्या बटणाकडं गेला.

नानांनी मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"न्हाई."

"नाना, धूळ बघा! डोळे जातील!"

"न्हाई मंजू. लावू नको. मला उतरव."

ते दार चाचपायला लागले. दाराचं हँडल त्यांना सापडत नव्हतं. श्वास वर चढला. ट्रॅक्टर निम्म्यावर आला होता. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि रडावंसंही वाटत होतं, आणि या दोन्हीला वेळ नव्हता. मी त्यांचा हात ओढला आणि त्यांचा अंगठा बटणावर ठेवला.

"तुम्ही दाबा. मी हात लावत नाही. अंगठा काढला की आहे तिथं थांबतं. उलटं ओढलं की मागं जातं. हे बटण लिफ्टचं नाही. हे तुमचं आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दाबलं. मागचं झाकण उठलं, पत्रे वर आले, डोक्यावर सावली सरकायला लागली. मधेच त्यांनी अंगठा काढला. छप्पर अर्ध्यावर थांबलं. वर आकाशाची हातभर पट्टी उरली होती. नाना तिच्याकडं बघत होते, ओठ हलत होते. मी माझे हात मांडीखाली दाबून ठेवले, चुकून बटणाकडं जाऊ नयेत म्हणून. ट्रॅक्टरचं नाक आमच्या बरोबरीला आलं.

नानांनी डोळे मिटले आणि परत दाबलं.

ठक्. छप्पर बसलं. दुसऱ्याच क्षणी काचांवर पिवळा भुसा थापला गेला, बाहेर काही दिसेना. आत शांत. नानांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, लांब, खरखरीत.

"नाना?"

"बोलू नको."

माझा पाय हलत होता, तो मी दुसऱ्या पायानं दाबून धरला. दुसऱ्या हातानं वरचा पत्रा चाचपून ते म्हणाले, "त्या लिफ्टला वास होता गं. हिला न्हाई."

धूळ खाली बसली. मी म्हटलं, उघडा आता. त्यांनी उघडलं. मला वाटलं, झालं. तर त्यांनी परत लावलं. परत उघडलं. परत लावलं. ती दाताळंवाली बाई तोंडावर पदर धरून बघत होती. करीमभाई काचेवर टकटक करत, काकुळतीला येऊन, "गुरुजी, बस! मोटर जल जाएगी!"

"त्यांना सांग," नाना म्हणाले, "इत्मिनान रखो."

ताडकळस ते नांदेड

पुढं काय झालं ते माझ्या मासिकाच्या वाचकांना आवडणार नाही. छप्पर लावलेलंच ठेवून जायचं, असं नानांनी ठरवलं. पण बटणावर अंगठा, आणि बटण चालू पाहिजे. पन्नासच्या वर ते चालत नाही, हे मी एकदा साठला जाऊन त्यांना कळू दिलं, आणि त्यांनी डॅशबोर्डवर अशी थाप मारली की मी लगेच पाय काढला.

"पन्नासच्या आत. हा मास्तर सांगायलाय."

म्हणून तीनशेची गाडी पंचेचाळीसनं. आम्हाला एसटीनं मागं टाकलं, तिच्या खिडकीतून एक पोरगी ओरडली, "ताई, पेट्रोल संपलं का?" आम्हाला दूधवाल्यानं मागं टाकलं. मागच्या सीटवर गॅसची टाकी बांधलेल्या लुनानं मागं टाकलं, आणि त्या लुनावरच्या आजोबांनी जाता जाता आमच्याकडं जी नजर टाकली ती मी विसरणार नाही. माझ्या पाठीमागं दहा सिलिंडर घुटमळत होते. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. पण दर थोड्या वेळानं नाना बटण उलटं ओढायचे, डोक्यावर चार बोटं आकाश यायचं, ते बघायचे आणि परत मिटायचे. पूर्णा मागं पडल्यावर या खेपा विरळ झाल्या. एकदा तर ते गप्प झाले म्हणून बघितलं, तर डोळा लागला होता. बंद गाडीत. अंगठा बटणावर तसाच. मी पंचेचाळीसचे चाळीस केले.

करीमभाईंनी नांदेडला गाडी ताब्यात घेतली, छप्पर एकदा उघडून कान लावून मोटार ऐकली, आणि नानांचा हात दोन्ही हातांत धरून "दुआ करूँगा" म्हणाले. गाठोड्यातले उरलेले धपाटे मात्र बरोबर घेऊन गेले.

डोळे लाल नव्हते. पण ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की चेहऱ्यावर कापड असतं, फक्त एक डोळा उघडा. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

नाना म्हणाले, "डॉक्टर, कापड काढायचं बटण कुठं असतं?"

बाई हुशार. गजूकडून कालची हकिकत ऐकलेली. त्यांनी नानांचं बोट धरलं आणि म्हणाल्या, "हे. हे वर केलं की मी थांबणार आणि कापड बाजूला." मी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की शिपाई वैतागला. दार उघडल्यावर पहिलं तेच विचारलं. बाई म्हणाल्या, "बोट ताठ होतं, पण वर नाही केलं."

गेलेली नजर गेलीच. उरलेली आहे तिथं आहे, हलायची नाही म्हणतात.

मासिकानं विचारलं, या गाडीचा सगळ्यात मोठा गुण कोणता, एका वाक्यात. मी लिहिलं: पन्नासच्या आत तिचं छप्पर कधीही, कितीही वेळा, मधेच थांबवून उघडता येतं. संपादकांनी ते कापलं आणि तीन सेकंदांचं घातलं. घालू देत.

परतीला इटलीची गाडी नव्हती. गजूची जुनी मोटार होती, पत्र्याचं न हलणारं छप्पर असलेली. मी आणि वहिनी मागं. नाना फाटकापाशी उभे राहिले, एका डोळ्यावर पट्टी, आणि आम्ही तिघं त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो. मग त्यांनी पुढचं दार उघडलं, आत वाकून दारावरचं काचेचं बटण चाचपलं, काच एकदा खाली घेतली, एकदा वर.

"चालू हाय," म्हणाले, आणि बसले.

वालूर येईपर्यंत त्यांनी त्या बटणावरचा अंगठा काढला नाही. काच मात्र सगळा रस्ता पूर्ण वर होती.